रोमन अधिकाऱ्याचं पत्र

अमरावती, शनिवार

अमरावतीत उतरल्यावर सगळ्यात आधी मला माझाच फोटो दिसला. बसस्थानकाबाहेर पानटपरीशेजारच्या भिंतीवर, एका शिकवणीवर्गाच्या जाहिरातीला चिकटून. फोटोखाली माझं नाव आणि त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'येशू झालाच नाही. एका ख्रिस्ती प्राध्यापिकेचा निर्वाळा'. मी पिशवी खाली ठेवली आणि ते तीनदा वाचलं. असं मी आयुष्यात कधी बोललेले नाही, लिहिलेलं तर नाहीच. मी कळवलेला विषय होता, 'येशूबद्दल इतिहासाला काय माहीत आहे'.

नगरहून वऱ्हाडात मी याआधी चार-पाच वेळा आले आहे, पण ती येणी अकोल्यापुरती. धाकटा भाऊ प्रमोद तिथं वीस वर्षं औषधांचं दुकान चालवतो. बाबा गेल्यापासून आई त्याच्याकडे असते, आणि बाबा गेल्यापासूनच प्रमोद माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे येईल. या वेळी मात्र अमरावतीच्या एका अभ्यास मंडळानं भाषणाला बोलावलं होतं. चार दिवस हाताशी होते. भाषण करावं, वसतिगृहातली जुनी मैत्रीण सुजाता इंगळे हिच्याबरोबर तिच्या गावी दर्यापूरला जावं आणि शेवटी आईला भेटावं, असा बेत होता.

सुजाता स्कूटर घेऊन आली. तिनं ते पोस्टर सकाळीच पाहिलं होतं, पण तोवर ते सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलं होतं. ती शरमली होती, कारण मंडळाला माझं नाव तिनंच सुचवलेलं. वाटेत तिनं मला गिला वडा खायला घातला. आपल्याकडच्या दहीवड्याचाच हा भाऊ, पण दह्यात असा बुडवलेला आणि वर तिखट-गोड चटण्यांनी असा माखलेला की खाताना बोलणं शक्य नसतं. तेवढी पाच मिनिटं मी गप्प होते. तिच्या घरी पोचल्यावर आयोजक गावंडे भेटायला आले, तेव्हा तोंड मोकळं झालं होतं.

गावंडे निवृत्त अभियंता. वाचणारा माणूस, देवाधर्माचं सगळं थोतांड आहे या मताचा, आणि ते मत धर्मासारखंच घट्ट धरून बसलेला. मी विचारलं, हे मी कुठं म्हटलं? ते अजिबात ओशाळले नाहीत.

"मॅडम, भाषणाचं नाव जरा खमंग ठेवा लागते. तुमचं नाव ठेवलं असतं त पंचवीस माणसं आली असती."

मी म्हटलं, पंचवीसच माणसं येऊ द्या, पण खोटं ऐकायला नको. त्यावर त्यांनी मला समजावलं, की मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, एका देवाची गोष्ट उचलून येशू तयार केला, तोही पंचवीस डिसेंबरलाच जन्मला, त्यालाही बाराच शिष्य होते, हे आता साऱ्या जगाला माहीत आहे. मी विचारलं, कुठल्या मिसरी लेखात आहे हे? त्यांनी मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला. तेहतीस वर्षं इतिहास शिकवल्यावर पुरावा म्हणून कुणी व्हिडिओ पुढे करतं, तेव्हा माझ्या कानशिलात काहीतरी ठणकायला लागतं. मिसरच्या त्या देवाबद्दल असं काही कुठंही कोरलेलं नाही. पंचवीस डिसेंबर तर शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतही नाही. गावंडे हसून म्हणाले, तुमी भाषणात सांगा ना मग.

संध्याकाळी मी सांगितलं. सभागृह भरलेलं होतं. मी म्हटलं, गालील प्रांतातला येशू नावाचा माणूस होऊन गेला आणि रोमन सुभेदारानं त्याला वधस्तंभावर मारलं, हे प्राचीन इतिहासातल्या पुष्कळ गोष्टींपेक्षा पक्कं आहे. एका रोमन आणि एका यहुदी इतिहासकारानं त्याचा उल्लेख केला आहे. यहुदी इतिहासकाराच्या मजकुरात मागाहून कुणा ख्रिस्ती माणसानं भर घातली, हेही खरं. शुभवर्तमानं त्याच्या मरणानंतर चाळीस ते साठ वर्षांनी लिहिली गेली. पण त्याआधीची पत्रं आहेत, आणि ती लिहिणारा माणूस येशूच्या भावाला प्रत्यक्ष भेटला होता. शिवाय देव रचायला बसलेलं कुणीही त्याला वधस्तंभावरचं, गुलामाचं मरण देणार नाही. तो मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठला का, यावर मात्र इतिहास गप्प बसतो, आणि त्यानं गप्पच बसावं.

लोकांना हे नको होतं. निम्मे उठून गेले. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ उभा राहून म्हणाला, "तुमी ख्रिस्ती आहा म्हणून असं म्हणून राहिल्या."

मला आठवतं, मी टेबलावरचा पेला उचलला आणि परत ठेवला. तेहतीस वर्षांत मी मौर्य शिकवले, सातवाहन शिकवले, मराठे शिकवले, तेव्हा माझा धर्म कुणाला दिसला नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, की पोस्टरवर ख्रिस्ती असणं तुम्हाला चाललं, कारण तिथं मी तुमच्या बाजूची साक्षीदार होते. ते बसले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. गावंडेंनी आभार मानताना 'वेगळा विचार' असा शब्द वापरला आणि मला शाल दिली. ती मी सुजाताच्या घरीच ठेवून आले.

दर्यापूर, रविवार

सकाळी काळी-पिवळी जीप पकडून आम्ही दर्यापूरला निघालो. दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन. कुठं वेचणी संपत आलेल्या कपाशीवर उरलेले पांढरे पुंजके, कुठं वाळत चाललेली तूर. आमच्याकडे जमीन वर-खाली होते, मध्ये एखादा डोंगर येतो. इथं नजरेला अडवायला काही नाही. अर्ध्या वाटेत जीपचं चाक बसलं. ड्रायव्हरनं जॅक काढला तर तो मऊ मातीत रुतत गेला. शेवटी शेतातल्या एका बाईनं गोठ्यातली फळी दिली, तिच्यावर जॅक उभा राहिला. तोवर तिनं आम्हाला उकडलेल्या तुरीच्या शेंगा खायला दिल्या. मी कुठली, कशाला आले, सगळं विचारलं, आणि येशूवर भाषण द्यायला आले म्हटल्यावर, बरं झालं, चांगल्याच गोष्टी सांगितल्या असतील, असं म्हणून परत तुरीकडे वळली. कालच्या सगळ्या सभागृहापेक्षा मला ती बाई बरी वाटली.

सुजाताचे वडील गावात इंगळे गुरुजी म्हणून ओळखले जातात. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. गुरुजी चाळीस वर्षं शिक्षक होते, आता पंच्याऐंशीचे आहेत. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. मला विकतच्या कॅनचं पाणी दिलं, पण चहा चुकून विहिरीच्या पाण्याचा झाला होता, आणि साखर-मीठ एकत्र पडल्यासारखी त्याची चव लागली. मी संपवला. गुरुजी हसले आणि म्हणाले, पाहुण्याची परीक्षा झाली.

जेवणात पातोड्यांचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या आणि वर तेलाचा लाल थर. नाक पुसत जेवता-जेवता मी कालचं सगळं सांगितलं. गुरुजींनी रश्शातली शेवटची वडी संपवली. मग म्हणाले, "आमच्या बुद्धाचं चरित्र बी किती शे वर्षांनी लिहिलं. उद्या तुमी सिद्ध केलं का तो झालाच नाही, त मले राग येईन, लय राग येईन. पण माझं अडणार काय? दुःख आहे का नाही, हे मी माझ्या घरात पाहू शकतो. तुमचं तसं नाही, बाई. तुमचा सारा धर्म एका सकाळवर उभा आहे. थे सकाळ झाली त सारं खरं, नाही झाली त काहीच नाही."

ते रागानं बोलले नव्हते, तरी मला राग आला. मी प्रार्थनेला नियमानं जात नाही. पण कबर रिकामी सापडली ती सकाळ माझ्या मनातून कधी गेलेली नाही.

दुपारी दोनला प्रमोदचा फोन आला. दोन वर्षांत पहिला. त्यानं 'कशी आहेस' विचारलं नाही. अमरावतीचं पोस्टर त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पास्टरपर्यंत पोचलं होतं. सकाळच्या उपासनेत पास्टरनी ते पडद्यावर दाखवलं, आईला सगळ्यांसमोर उभं केलं आणि या घरातल्या हरवलेल्या मुलीसाठी प्रार्थना घेतली. एक्क्याऐंशी वर्षांची माझी आई खुर्चीचा दांडा धरून ती संपेपर्यंत उभी राहिली. प्रमोद म्हणाला, हे तुला कळावं म्हणून फोन केला.

एका माणसानं मला धर्म बुडवायला वापरलं आणि दुसऱ्यानं तेच पोस्टर घेऊन माझ्या आईला उभं केलं. मी काय बोलले, हे दोघांपैकी कुणालाच नको होतं.

अकोला, सोमवार आणि मंगळवार

दार प्रमोदनंच उघडलं. भावजय धारणीला परिचारिका आहे, शनिवारीच घरी येते. त्यामुळे घरात आई आणि तो, दोघंच. माझी पिशवी त्यानं घेतली, पण बोलला नाही.

आई पलंगावर बसून अंबाडीची भाजी निवडत होती. मी तिच्या पायाशी बसले आणि पास्टरबद्दल जे मनात आलं ते बोलले. तिनं ऐकून घेतलं. आई जन्मभर परिचारिका होती, आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकांचं ऐकून घ्यायची तिला सवय आहे. मग ती म्हणाली, "उभं केलं त्याचं मला काही नाही. मला राग तुझा आहे. दोन वर्षं झाली, तो गेला नाही."

आता ते कारण सांगायलाच हवं. माझे बाबा ख्रिस्ती धर्मप्रचारक होते. नगरच्या आसपासची खेडी सायकलवरून फिरून त्यांनी सुवार्ता सांगितली. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात एका दुपारी आई आणि प्रमोद दोघंही खोलीत असताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "शालन, तू सगळं वाचलंयस. खरं सांग, तो उठला का?" मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, बाबा, इतिहासाला ते सांगता येत नाही. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. तिसऱ्या दिवशी ते गेले. मधल्या वेळात ते माझ्याशी बोलले, पण पाणी, उशी, ऊन, एवढंच. प्रमोदनं दफनविधी उरकला आणि मला सांगितलं, तू मरणाऱ्या माणसालाही व्याख्यान दिलंस.

मी स्वतःची समजूत अशी काढली होती, की मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही. आईला तेच म्हटलं. तिनं हातातली काडी खाली ठेवली.

"त्यांनी तुला विचारलं होतं. इतिहासाला नाही."

तिच्यासमोरची उरलेली भाजी मी निवडायला घेतली.

मंगळवारी सकाळी प्रमोद स्वतःहून बोलला. पाच वाजता पास्टरांचा 'श्रद्धेचे पुरावे' नावाचा वर्ग असतो, तू ये, जे आईला सांगितलंस ते त्यांच्या तोंडावर सांग. यात निमंत्रण किती आणि आव्हान किती, ते मला कळलं नाही. मी गेले. हार्डवेअरच्या दुकानावरचा लांबट हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, चाळीसेक माणसं. पास्टर तरुण, नीटनेटके, गोड आवाजाचे. लॅपटॉपवर बसून पडद्यावरची चित्रं बदलायचं काम प्रमोदकडे होतं. हे तो दर आठवड्याला करतो, ते मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या चित्राला पडद्यावर एक पत्र आलं. येशूच्या काळातल्या एका रोमन अधिकाऱ्यानं म्हणे रोमला लिहिलेलं. त्यात येशूचे केस कसे, दाढी कशी, डोळे कसे, सगळं वर्णन. पास्टर म्हणाले, हा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा लेखी पुरावा आहे. लोक पुढे झुकून बघत होते. एका म्हातारीनं पदरानं डोळे पुसले.

ते पत्र मला पाठ आहे. का, ते पुढे सांगते. येशूनंतर हजाराहून जास्त वर्षांनी युरोपात कुणीतरी ते रचलं. त्या नावाचा अधिकारी त्या जागी कधी नव्हताच. मी उभी राहिले आणि विचारलं, या पत्राची मूळ प्रत कुठं आहे आणि ती कुठल्या शतकाची आहे?

पास्टरनी मला ओळखलं. हसून म्हणाले, "ताई, श्रद्धेला पुरावा लागत नाही."

"मग पडद्यावर काय आहे?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी म्हटलं, तुम्हाला विश्वास ठेवायचा तर ठेवा, त्या विश्वासाच्या मी पाया पडेन. पण या आजी जो कागद बघून रडल्या, तो खोटा आहे. ज्याला तुम्ही सत्य म्हणता, त्याच्यासाठी खोट्या साक्षी कशाला गोळा करता? मी ओरडले नाही, पण माझा आवाज हॉलभर गेला असावा.

पास्टर माझ्याशी बोललेच नाहीत. ते लोकांकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "या बहिणीसाठी प्रार्थना करा. यांचे वडील प्रभूचे सेवक होते. मरताना त्यांनी यांच्याकडे दिलासा मागितला, आणि यांनी तो दिला नाही."

ही गोष्ट चारच माणसांना माहीत होती, आणि त्यांतला एक जमिनीखाली आहे. मी प्रमोदकडे पाहिलं. त्यानं ते प्रार्थनेच्या वेळी एकट्या पास्टरना सांगितलं असणार, मन हलकं करायला. तो उठला आणि त्यानं लॅपटॉप मिटला. पडदा निळा झाला. पास्टर म्हणाले, प्रमोदभाऊ, बसा. प्रमोद म्हणाला, "मी हे तुमाले सगळ्यांसमोर बोलायसाठी नव्हतं सांगितलं." त्यानं तारा गुंडाळल्या, लॅपटॉप काखेत घेतला, आणि आम्ही दोघं जिना उतरलो.

उन्हं कलली होती. घरापर्यंत पंधरा मिनिटांची वाट, मध्ये मोर्णेचा पूल. नदीत पाण्यापेक्षा जलपर्णी जास्त. पुलावर तो थांबला आणि म्हणाला, "ते पत्र बाबाही वाचायचे. मी लहान होतो, पण मला आठवतं. त्यांना खोटं म्हणायची हिंमत झाली असती का तुझी?"

तेव्हा मी त्याला ते सांगितलं, जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. बाबा ते पत्र प्रत्येक खेड्यात वाचून दाखवायचे. सायकलच्या मागे बसून मीही ते पाठ केलं होतं. वीस वर्षांची असताना वसतिगृहाच्या ग्रंथालयात मला कळलं की ते बनावट आहे. सुट्टीत घरी आले आणि जेवता-जेवता मी बाबांना सांगितलं. कशावरून, ते त्यांनी नीट विचारून घेतलं. पुढच्या रविवारी मला बरोबर घेऊन ते एका वस्तीवर गेले, प्रार्थनेला उभे राहिले आणि म्हणाले, मी तुम्हाला इतकी वर्षं जे पत्र वाचून दाखवलं ते खोटं निघालं, माझ्या मुलीनं शोधून काढलं, मला क्षमा करा. त्यानंतर एकेका रविवारी त्यांनी प्रत्येक वस्तीवर जाऊन हेच सांगितलं. आणि उरलेलं सगळं आधीसारखंच सांगत राहिले, त्याच विश्वासानं.

"हे मले कोणीच नाही सांगितलं," प्रमोद म्हणाला.

मी म्हटलं, सांगण्यासारखं नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, मी जिंकले.

घरी आल्यावर प्रमोदनं आईला हॉलमधलं सगळं सांगितलं. तिनं पास्टरबद्दल एक शब्द काढला नाही. मला समोर बसवलं आणि म्हणाली, "आता मला सांग. तो उठला का?"

तेच जुनं वाक्य ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, आई. उठला असावा असं फार वाटतं. आणि फार वाटतं, म्हणूनच तसं म्हणायची भीती वाटते."

"एवढं त्यांना पुरलं असतं," ती म्हणाली आणि भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली. तिचा राग गेला नव्हता. जायला हवा होता, असंही मला वाटलं नाही.

बुधवारी प्रमोदनं मला बसमध्ये बसवून दिलं आणि खिडकीतून संत्र्यांची पिशवी आत दिली. तो आता कुठल्या मंडळीत जाईल, त्याला ठाऊक नव्हतं. गावंडेंचा अमरावतीहून निरोप आला होता, की भाषणावर लोकांत अजून चर्चा चालू आहे. मी उत्तर दिलं नाही.

नगरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी दफनभूमीत गेले. बाबांच्या कबरीवर गवत वाढलं होतं, ते आधी काढलं. मग आईसमोर बोलले होते ते वाक्य मोठ्यानं म्हटलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी ऐकलं, याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही. तरी मी ते दोनदा म्हटलं.